बुटका मॅगेलन

२४ एप्रिल, दुपार

मानोय दुलो,

आत्ताच चौथ्यांदा मरून आले. केसांतलं पाणी कागदावर पडतंय, अक्षर फुटलं तर समजून घे. इकडे सगळं ठीक. तुम्हीही बरे असाल. वहिनीचा खोकला गेला का?

नोय बार्तो अजून गुडघाभर पाण्यात उभे आहेत, भाला खांद्यावर टाकून, तालमीत मला पाचव्यांदा मारायला. त्यांना म्हटलं, भावाला चार ओळी लिहिते, थांबा. ते म्हणाले, मॅगेलनला मारून लापुलापू पाचशे वर्षं थांबलाय, अजून थोडा थांबेल.

पडणं सोपं आहे. पडून राहणं अवघड. एक कान पाण्यात, नाक वर, आणि ओहोटी संपून भरतीचं पाणी ओठांना लागेपर्यंत हलायचं नाही. मध्येच गलबतावरचा माणूस प्रेत मागायला येतो आणि किनाऱ्यावरचा सगळा गाव एका आवाजात ‘नाही’ म्हणतो. तेव्हासुद्धा डोळा उघडायचा नाही. तातायनं, आपल्या बापानं, हे छत्तीस वर्षं केलं. मला पहिल्याच वेळी शिंक आली. बार्तो म्हणाले, “मेलेला शिंकला तर आम्ही जिंकलो कसे?”

सुरुवातीला तयारच नव्हते. बाईला कसा मारू, म्हणत होते. मी म्हटलं, तातायला मारलंत तसं, हात बसलाय तुमचा.

सत्तावीस तारखेच्या उत्सवाचा तुमच्या समितीचा कागद मिळाला. यंदापासून मॅगेलन मनिलाहून येणार. सहा फूट, गोरा, सिनेमातला. भूमिका इतिहासाला साजेशी व्हावी, असं लिहिलंय. घोडाही आणणार आहात म्हणे. प्रवाळावर घोडा. गावाचं ‘नाही’ काढून टाकलंय, त्याऐवजी प्रेत फुलांनी सजवून, बिगुल वाजवत गलबतावर न्यायचं. खाली तुझी सही. शेपटी अजून तशीच वर वळवतोस.

इतिहासाचं मला तूच सांगितलं होतंस. कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत आला होतास. खरा माणूस बुटका होता, एका पायानं लंगडत होता, असं पुस्तकात दाखवलं होतंस. आणि तरी शाळेतल्या चित्रात तो उंच, हॉटेलच्या भिंतीवर त्याहून उंच, आणि दुकानातल्या कॅलेंडरवर तर शिडाच्या टोकापर्यंत पोचलाय. ज्याला जसा हवा तसा त्यानं रंगवला. आम्ही मात्र पाच फूट दोन इंचांचा केला, चिलखत बिस्किटाच्या डब्यांचं, दाढी काथ्याची. तो पडला की बायका रडायच्या. डोळे पुसून मग ‘नाही’ म्हणायच्या. ते दोन्ही एकदम करायला कुठल्या नटानं शिकवलेलं नाही.

तातायबद्दल मी तुला ‘जरा पडले’ असं कळवलं होतं. जरा नव्हतं. फेब्रुवारीपासून उजवी बाजू हलत नाही. पेज मी भरवते. बोलणं तुटकं आहे, पण भरती-ओहोटीचं सगळं कळतं. रोज विचारतात, डबे घासले का. तुमच्या कागदाचं त्यांना सांगितलेलं नाही.

तू म्हणशील, मग झालंच की, म्हातारा उभा राहू शकत नाही, दुसरा कोणी येणारच. नाही मानोय. त्यांच्या जागी दुसरा चालत नाही.

तुला वाटायचं, त्यांना तमाशा करायची हौस आहे. शाळेच्या वाटेवर पोरं तुला ‘हरलेल्याचं पोर’ म्हणून खडे मारायची. जेवताना तू एकदा विचारलं होतंस, बाकी सगळ्यांचे बाप लापुलापूच्या बाजूनं, आपलेच का दरवर्षी मरायला जातात? तातायनं माशाचा काटा काढून तुझ्या ताटात मासा ठेवला. सोळाव्या वर्षी तू निघून गेलास. आईनं मला शपथ घातली होती. ती जाऊन सहा वर्षं झाली. शपथ मी आज मोडते.

तू आठ वर्षांचा होतास. ताप उतरत नव्हता. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्या वर्षी मॅगेलन व्हायला गावात कोणीच तयार नव्हतं. दरवर्षी मेलेल्याच्या अंगाला मरण चिकटतं, असं म्हणायचे. ताताय देवळात गेले आणि मातेला नवस बोलले. पोराचं मरण मला दे, मी ते दरवर्षी मरेन, जिवंत आहे तोवर. आणि पोराला कळता कामा नये, नाहीतर तो ओझं घेऊन जगेल.

तू जगलास. ओझं न घेता. आता कागदावर सही करून त्यांना मोकळं केलंस.

ते अजून जिवंत आहेत. म्हणून सत्तावीस तारखेला या घरातलं कोणीतरी पाण्यात पडणार. तुमची परवानगी मी मागितलेली नाही, मागणारही नाही.

२८ एप्रिल

पत्र तेव्हा टाकलं नाही. टाकलं असतं तर तू धावत आला असतास आणि मग सगळं तुझ्या येण्याचं झालं असतं. मला ते नको होतं.

काल तुमच्या मंडपात बिगुल वाजत होते तेव्हा आम्ही देवळाखालच्या उथळ पाण्यात होतो. तातायला खुर्चीसकट किनाऱ्यावर आणलं होतं. डबे मला ढगळ होत होते, आतून गोणपाट भरलं. बार्तोंनी हात राखून मारलं नाही, बरगडी दुखतेय. मी पडले. गलबतावरचा माणूस प्रेत मागायला आला. गाव ‘नाही’ म्हणाला. एक आवाज सगळ्यांच्या मागून आला, तुटका, उशिरा. मी डोळा उघडला नाही. पाणी ओठांना लागेपर्यंत पडून राहिले.

तू मंडपात पहिल्या रांगेत होतास, असं कळलं.

आज सकाळी एक पोलीस आला. विनापरवाना खेळ केला म्हणून तक्रार आहे म्हणाला. नाव विचारलं, वय विचारलं, खेळात काय केलं विचारलं. मेले, असं सांगितलं. त्यानं तसंच लिहून घेतलं. पुढच्या वर्षी करू नका म्हणाला. मी म्हटलं, ताताय आहेत तोवर करणार, हेही लिहा. त्यानं लिहिलं. मग मी तातायला पेज भरवली.

तुझी, घरी राहिलेली,
पिडिंग