धुराड्यावरची भाकरी

बीड,
माघ वद्य पंचमी, शके १८५४

तीर्थस्वरूप दादास,
आश्रुबाचा दंडवत. आमी समदे खुशाल हावोत. वहिनीचा खोकला थांबला का, ते कळवा.

तुमी मुंबईहून धाडलेलं अखबारातलं चित्र पोचलं. अमेरिकेतले गडी आभाळात लोखंडी तुळईवर बसून खुशाल जेवायलेत! कडूबाईनं ते भिंतीला डकवलं. म्हणली, "बगा, तिकडं बी आपल्या बाबांचीच रीत हाय." ज्याची परांची, त्यानं आधी वर बसून भाकरी खायची, मगच गवंडी चढायचे.

नव्या जिनिंगच्या धुराड्याला आपली परांची लागली. काम झकास चाललंय.

तुमी लिवलं, बांबू-दोर इकून टाक अन् गिरणीत ये. वाचून लई राग आला. बोल वर्मी लागला; कावून, ते आता लिवतोच. मागल्या साली वेशीच्या कामात परांचीवरून पडलतो, तवापासून दुसऱ्या बांबूला पाय लागला की तिथूनच माघारी उतरतो. धुराड्याची परांची गड्यांनी बांधली, मी खालून नुसता वरडत व्हतो.

रहीम मिस्त्री म्हणला, "आश्रुबा, तू वर खाल्ल्याबिगर माझा गवंडी पाय ठेवायचा न्हाई. आज जमंना तर उद्या दुसऱ्याची परांची लावतो."

मी चढलो अन् तसाच उतरलो. समद्यांदेखत. मेल्याहून मेल्यासारखं झालं, दादा.

तर कडूबाईनं कासोटा खोचला, पदरात भाकरी बांधली अन् निघाली वर! मी वरडलो, "अगं ये, लोक काय म्हणतील?"

"दोर मी वळलेत. माझ्याच दोराला भिऊ व्हय?"

पार टोकाला बसून तिनं भाकरी मोडली. खाली कुणी तरी म्हणलं, बाईनं खाल्लेली चालती का? रहीम मिस्त्री त्याच्यावर खेकसला, "दोर वळणारीनं खाल्ली. अजून काय पायजे बे?"

काम वाचलं. पण ही बया उतरंना! वरून म्हणली, "अर्धी ठेवलीया. तुमी आल्याबिगर मी हलत न्हाई."

कसा चढलो, देवाला ठावं. रडतच चढलो. तिनं भाकरी हातात दिली अन् म्हणली, "खावा. मीठ जरा कमी पडलंय." खाली बगितलं तर समदे गवंडी माझं खाणं व्हायची वाट बघत उभे व्हते.

गिरणीतली जागा दुसऱ्या कुण्या गरजवंताला द्या. राग मानू नका.

तुमचे धाकटे,
आश्रुबा आणि कडूबाई, परांचीवाले