दादाचं करवंद, ग्वाल्हेर-मुरारच्या अंगणात

१६ मार्च
फुलं आली! पाच वर्षांनी. दादानं साताऱ्याहून रुमालात बांधून आणलेल्या बिया, त्यातलं हे एकच झुडूप जगलं. लगेच दादाला फोन. तर म्हणे, "फुलं कुठंही येतात. फळ तुझ्या ग्वाल्हेरात काळं व्हायचं नाही." पैज. हरेल त्यानं स्वतःच्या हातानं पुरणपोळ्या करून घालायच्या. ऑगस्टमध्ये येतोय, बायपासनंतर पहिल्यांदाच. काळी करवंदं हातावर ठेवली नाहीत तर नाव बदलीन.

२ एप्रिल
शेजारच्या गुप्ता भाभी: "फाटक के पास काँटे? घर में कलेश होता है।" भाभींच्या दारात एक काटा नाही, मग रोज सकाळी भांडी कोण आपटतं? बोलायला हवं होतं.

२९ मे
पारा सेहेचाळीसवर. तुळस जळाली, मोगरा गेला. करवंदाचं पान वाकलं नाही.

११ जुलै
घोसच्या घोस. हिरवी, टणक. भाभी पिशवी घेऊन हजर. "अचार का यही टाइम है, पक गए तो बेकार।" पिकली तर बेकार! हात जोडून वाटेला लावलं.

१९ जुलै
संतापानं अक्षर नीट येत नाहीये. दोन तास देवळात गेले, परत येते तर झुडूप बोडकं. भाभी नव्हे, हे! हातभर ओरखडे, आणि वर शाबासकीची वाट बघत उभे. "अग, दादांसाठी लोणचं घालून टाकलं. सरप्राइज!" चार महिने जेवताना रोज पैजेचं बोलतेय, कान कुठं होते? तर म्हणे, "ऐकत होतो ना. पण काळे करौंदे म्हणजे तर सडलेले!" जन्म ग्वाल्हेरात गेला, पिकलेलं कधी खाल्लं नाही. चाळीस वर्षं संसार केला ह्या माणसाशी.

२० जुलै
अबोला. बरणी ओट्यावर. वास छान सुटलाय, त्याचाही राग येतोय.

२४ जुलै
अगदी आत, खोडाशी, एक घोस राहिलाय. सहा फळं. काट्यांपुढे ह्यांचा हात पोचला नसणार. कुणाला सांगितलं नाही.

९ ऑगस्ट
वहिनीचा फोन. दादाला जिना चढताना धाप लागते, डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात. तिकीट रद्द. वहिनीवरच ओरडले. तिचा काय दोष? पण मग कुणावर ओरडायचं?

१७ ऑगस्ट
काळी झाली. दोन बुलबुलांनी नेली, चार उरली. एक तोंडात टाकलं, तोच दादाचा फोन. आवाज पार खोल गेलाय. "काय ग, झाली का काळी?"
गोड होतं. ओठांना चीक. डोळे भरून आले.
"नाही झाली," म्हटलं. "हरले मी. पोळ्या खायला इथं यावं लागेल. पार्सल मिळणार नाही."
हसला. मग खोकलाच बराच वेळ. "दिवाळीनंतर विचारतो डॉक्टरला," म्हणाला.
फोन ठेवला. हे समोर उभे, माझ्या जांभळ्या ओठांकडे बघत. "अग, पण काळी तर झाली आहेत!"
"गप्प बसा," म्हटलं.
एकोणीस जुलैनंतर ह्यांच्याशी बोललेले पहिले शब्द.