पिंजऱ्याचे दार काढू नये

मी, खाली सही करणार, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, व्यवसाय भाषणे, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाचेही न ऐकता (ते मी कधीच ऐकले नाही) हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिला असता. पण वकिलांनी माणसांच्या डॉक्टरचाच मागितला. तो जोडला आहे.

१. पोपट. माझ्या मिळकतीत जीव असलेली ही एकच गोष्ट, म्हणून आधी. थोरल्या भावाच्या फर्निचरच्या दुकानात तो पॉलिशच्या डब्यांशेजारी टांगलेला असे. खायला नुसत्या सूर्यफुलाच्या बिया, करमणुकीला गिऱ्हाइकांनी पट्टीने ढोसणे. छातीवरची पिसे त्याने स्वतःच उपटून काढली होती. भाऊ म्हणाला, "गिऱ्हाईक नाक मुरडतं. ने तुला. फुकट श्रोता मिळेल." माझ्यामागे तो पुन्हा त्या डब्यांशेजारी जाऊ नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

मी जन्मभर स्वातंत्र्यावर बोललो. त्यामुळे घरी येताच पिंजऱ्याचे दार बिजागरीसकट काढले आणि त्याच्यासमोर घणाघाती भाषण केले. तो कोपऱ्यात आक्रसून बसला आणि उरलेली पिसे उपटू लागला. सभेत माझ्यावर चपला आल्या आहेत, पण इतका स्पष्ट अभिप्राय कोणी दिला नव्हता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, दार परत बसवा. ते घर आहे त्याचं. आणि तुम्ही जरा कमी बोला."

"किती कमी?"

"बोललाच नाहीत तर उत्तम."

दार बसवले. ते दिवसभर उघडे असते. बाहेर कधी यायचे ते तो ठरवतो. आत हात घालू नये. पालेभाजी, फळे, उकडलेले धान्य द्यावे. बिया फक्त बक्षीस म्हणून. आंघोळीला उथळ ताटली. कुरतडायला लाकूड लागते. त्याने माझे भाषणाचे टेबल निवडले आणि एक पाय संपवला, जे माझ्या टीकाकारांना जमले नाही. डोळ्याची बाहुली भराभर लहानमोठी झाली की बोट लांब ठेवावे. माझा पोपट बहुतेकदा रागाने नव्हे, भीतीने चावतो. हे कळल्यावर मला माझे बरेच विरोधक कळले. आता छातीवर पिसे आली आहेत.

२. पोपट हिरवागार झाल्याबरोबर भावाला रक्ताचे नाते आठवले. "दुकानात शोभेल," म्हणतो. त्याला पोपट देऊ नये. पिंजरा टांगायचा आकडा त्याच्याच छताला आहे. तो त्याने खुशाल ठेवावा.

३. माझा लाउडस्पीकर माझ्या जुन्या प्रतिस्पर्धी वक्त्याला द्यावा. त्याचा आवाज पोचत नाही, अशी त्याची तक्रार होती. मुद्दा पोचत नाही, ही माझी. पुस्तके वाचनालयाला, पण कपाटाला कुलूप घालणार नसतील तरच.

४. घर. हे पोपटाच्या नावे करायचे होते. वकील म्हणाले, "कायद्यात बसत नाही."

"आणि पुतण्याच्या नावे?"

"ते बसतं."

"मग कायद्यानं पुतण्याला पाहिलेलं नाही."

धाकटी बहीण बरीच वर्षे माझ्याकडे येत नव्हती. आपले वाक्य माझ्याकडून अर्धवट तोडून घ्यायला एवढ्या लांब कोण येईल? परवा आली आणि पिंजऱ्याजवळ मटार सोलत बसली, एक शब्द न बोलता. पोपट आपणहून बाहेर आला, तिच्या खुर्चीच्या हातावर बसला आणि तिच्या बोटांतून दाणा घेतला. ती म्हणाली, "दादा, तू गप्प बसलास की घरात सगळ्यांनाच बरं वाटतं."

मीही मटार सोलायला घेतले. घर आणि पोपट दोन्ही तिला द्यावेत, एकत्र. मी न समजावता ती हो म्हणाली आहे.

५. शोकसभा घेऊ नये. लोक आलेच, तर पुढच्या खोलीत पिंजऱ्यापासून लांब बसवावे. माझा एकही शब्द पोपटाने उचललेला नाही. भाषणाआधी मी घसा खाकरतो, तेवढे मात्र हुबेहूब घेतले आहे. तो खाकरेल आणि मग काहीच बोलणार नाही. सर्वांनी तसेच बसावे. ते माझे शेवटचे भाषण, आणि ते मध्येच तोडू नये.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ मार्च

सही : लिहून ठेवणार, बहिणीचा दादा

साक्षीदार :
१. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई
२. समोरचे शिंपीकाका (यांनी सही करण्यापूर्वी पोपटाकडून बटण परत घेतले)