नव्वद ग्रॅम कमी

दि. ११ मार्च, मंगळवार

ती. स्व. दादास,

शि. सा. नमस्कार. इकडे मी आणि आप्पा मजेत. आप्पांचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड त्याहून जास्त चालतं, तेव्हा काळजी नसावी.

माझं कामही जोरात आहे. तुला वाटतं, पार्सल कंपनीत मी दिवसभर नुसती ओझी वाहते. अरे, इथे डोकं चालवावं लागतं! ट्रक उलटा भरतात, ठाऊक आहे? जे शेवटी उतरवायचं ते सगळ्यांत आधी आत. खोकी विटांसारखी सांधा चुकवून रचायची, नाहीतर पहिल्याच वळणावर सगळं आडवं. आणि ‘नाजूक’ असं कितीही मोठ्ठं लिहा, सरकत्या पट्ट्याला वाचता येत नाही. आतून नीट बांधलेलं असेल तेवढंच टिकतं. गेल्या वर्षभरात माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही ट्रकमध्ये खोकं चेपलं नाही, म्हणून मला मुकादम केलं. सतरा जणांवर, सगळे बाप्ये! पहिला आठवडा नाकं मुरडत होते. आता ट्रकचं दार लावण्याआधी म्हणतात, "ताई, एक नजर टाका." मी जराशी फुशारले आहे. फुशारू दे.

आणखी एक गोष्ट बाहेर कोणाला माहीत नसते. आमच्याकडे पार्सलचं वजन जाताना होतं, तसं परत येतानाही होतं. आकडे जुळले नाहीत तर पट्टा थांबतो, लाल दिवा लागतो आणि चारचौघांसमोर खोकं उघडतात.

तीन वर्षांत मी पाठवलेली तीन पार्सलं तू दारातूनच परत लावलीस. "आप्पांनी जन्मभर ओझी उचलली ती तू उचलावीस म्हणून नाही," हे तुझं शेवटचं बोलणं. चौथं मात्र घेतलंस. आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ड्रायव्हरकाकांच्या हातात दिलंस, "नकोय, परत न्या" म्हणून.

ते गुरुवारी काट्यावर आलं आणि दिवा लागला. नव्वद ग्रॅम कमी.

साहेबांनी खोकं उघडलं. स्वेटर होता, मफलर होता. चौकटीतला फोटो नव्हता. मुकादम झाले त्या दिवशी गणवेशात काढलेला. सगळे काकांकडे बघायला लागले. अठ्ठावीस वर्षं चोख नोकरी केलेला माणूस घामाघूम झाला.

"आईशपथ, मी हातसुद्धा लावला नाही, ताई!"

"चौकशी होईपर्यंत गाडी काढू नका," साहेब म्हणाले.

मी चिकटपट्टी पाहिली. माझ्या छापील पट्टीवर कोणीतरी साधी खाकी पट्टी लावली होती, आणि तिचं टोक बोटभर आत दुमडलेलं होतं, उघडणाऱ्याला नखाने खरवडावं लागू नये म्हणून. असं आप्पा करतात. आणि त्यांनी शिकवलेली आपण दोघं.

मग बोलावंच लागलं. "साहेब, हे माझ्या भावाने उघडलंय. तो माझ्याशी बोलत नाही. पण फोटो त्याने ठेवून घेतलाय."

घरची भांडणं चव्हाट्यावर मांडायची मला हौस नाही, दादा. पण काकांच्या अठ्ठावीस वर्षांपुढे आपला अबोला तो केवढा! मी लेखी दिलं: माल गहाळ नाही. ज्याला पाठवला, त्याच्याकडेच आहे. खाली ठसठशीत सही केली. मुकादम झाले तेव्हाही इतका अभिमान वाटला नव्हता. तू मला घरात घेतलंस.

काका दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेले. हे खोकंही तेच आणतील. त्यांना आधी पाणी विचार.

पत्र सगळ्यांत वर ठेवते आहे, कारण तू उघडून बघतोस हे आता कळलंय. खाली तोच स्वेटर, तोच मफलर आणि एक खिळा. चांगला जाडजूड बघून घेतलाय. फोटो कपाटात दडवला असशील, तो भिंतीवर लाव.

नको असेल तर परत पाठव, माझी ना नाही. फक्त खिळा ठेवून घेतलास तर मला कळेल. आमचा काटा फार चुगलखोर आहे.

तुझी धाकटी,
मुकादम, पट्टा क्रमांक चार