देणारी डिस्क

५ नोव्हेंबर
लागली बाई एकदाची नोकरी! बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून माहिती परत काढून देणारं दुकान आहे. एक लांब टेबल, भिंगाचा दिवा, उंचीनुसार टांगलेले स्क्रूड्रायव्हर आणि आत काकांची खोली. मालकांना सगळे काकाच म्हणतात. भिंतीवर त्यांच्या हातची पाटी आहे : आधी नक्कल, मग हात. म्हणजे गिऱ्हाइकाच्या डिस्कची नक्कल केल्याशिवाय मूळ डिस्कला कुणी बोट लावायचं नाही. माझं काम चिठ्ठ्या चिकटवायचं आणि वहीत नोंदी करायचं.

ही रोजनिशीही काकांनीच दिली. म्हणाले, मनातलं रोज लिहीत जा, आईबद्दलही लिही, प्रत्येक गोष्टीची नक्कल असावी. किती विचार करतो माणूस! जेवणाच्या सुट्टीत लिहीन आणि इथेच खणात ठेवीन.

८ नोव्हेंबर
आज धीर करून माझी डिस्क काकांना दिली. नोकरी धरली ती खरं तर हिच्यासाठीच. आईचे एक्केचाळीस निरोप आहेत हिच्यात, तिच्या आवाजातले. आई जाऊन दीड वर्ष झालं आणि आवाज एवढाच उरलाय. दादा कानीकपाळी ओरडत होता, दुसरी नक्कल कर म्हणून. मी मेली आज करू, उद्या करू! मग डिस्क टेबलावरून पडली आणि टकटक वाजायला लागली. मी शहाणी, दहा वेळा चालू करून पाहिली. काका म्हणाले, प्रत्येक वेळी आत ओरखडा पडतो. आता ती त्यांच्यावर सोडायची.

आई आधी खोकायची. मग म्हणायची, अगं ठकू, ऐकतेस ना? हसायला लागली की तिला उचकी लागायची, आणि उचकीचंही हसू यायचं.

१४ नोव्हेंबर
काही निघालं नाही. काका म्हणाले, डिस्कमधल्या चकत्या पार खरवडल्यात. मी दुकानातच भोकाड पसरलं. काकांनी पाठीवर हात ठेवला आणि स्वतःही जेवले नाहीत. देवमाणूस.

१७ नोव्हेंबर
एक निवृत्त मास्तर त्यांची डिस्क न्यायला आले. पहिल्याच आठवड्यात आले होते तेव्हा ढसाढसा रडले होते. बायकोचे व्हिडिओ होते त्यांचे. काही मिळालं नाही म्हणून मी चाचरत सांगितलं, तर खांदे उडवून म्हणाले, असू दे, होतं काय त्यात? मी वही दाखवली. माझ्याच अक्षरात लिहिलंय, बायकोचे व्हिडिओ. मास्तरांनी मला विचारलं, कुणाची बायको?

त्यांच्या नोंदीत नक्कल हा रकाना कोरा होता. उगाच माझीही नोंद पाहिली. तीही कोरी.

२० नोव्हेंबर
काका बाहेर गेले होते आणि आतल्या खोलीचं दार उघडं होतं. पडद्यावर त्यांच्या बायकोचा व्हिडिओ चालू होता. ती सात वर्षांपूर्वी गेली. तिच्या डिस्कमध्ये नुसतीच भोकं उरलीत, असं काका म्हणायचे. आता कुठे होती भोकं? ती आधी खोकली. मग हसली. आणि तिला उचकी लागली.

शेजारी माझी डिस्क उघडी पडली होती. चकत्या लख्ख, एक ओरखडा नाही. माझ्या चिठ्ठीवर काकांनी लिहिलं होतं : देणारी. सुट्या भागांसाठी फोडायच्या डिस्कवर आम्ही हेच लिहितो.

दादाला फोन केला. आईची उचकी, म्हटलं. तो म्हणाला, कसली उचकी? आईला कधी उचकी लागायची?

२१ नोव्हेंबर
काकांना तोंडावर विचारलं. नाकारलंसुद्धा नाही. म्हणाले, तुला त्रास होणार नाही पोरी, आठवणारच नाही. आणि चहा पुढे केला. माझ्या आईला फोडून बायकोला ठिगळं लावली या माणसाने, आणि मी याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले!

सगळं इथे लिहून ठेवते. आई. खोकायची. हाक मारायची — काय बरं हाक —

मागचं पान पाहिलं. ठकू लिहिलंय. कोण ठकू?

मागच्या पानांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. खोकण्याला बरोबर. उचकीला बरोबर. हाकेला बरोबर. रोज वाचत होता मेला. काय काय घ्यायचं ते मीच लिहून देत होते. म्हणून दिली ही वही —

२२ नोव्हेंबर
दादा म्हणतो, कुणाबद्दल बोलतेस?

लिहायचं नाही. नाही लिहिलं तर कुठे उरणार —

२३ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत दुकानात पर्स उघडली. आत एक फोटो आहे. कुणीतरी बाई. तिने माझा हात घट्ट धरलाय. जवळची असावी. रडू का येतंय कळत नाही —

आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं. काका तर इथे समोर बसलेत, हसताहेत.

आतली बाई विचारतेय, अगं ठकू, ऐकतेस ना? कोण ठकू, माहीत नाही. आवाजही ओळखीचा नाही. पण इतका मायेचा, की मी ओ द्यायला —