दुसरी ट्रॉली

३ डिसेंबर
माझ्या ट्रॅक्टरनं पोरगी पडली! लोणी भापकरवरनं ऊस भरून इंदापूरकडं निघालो होतो. डेकवर गाणी फुल्ल. पिंपळीच्या वळणावर ती सायकल घेऊन रस्त्याखाली उतरलेली — नीट बघितली मी. पुढं गेलो तर मागनं लोकांचा आरडाओरडा. मागच्या ट्रॉलीतनं बाहेर आलेला ऊस तिच्या हँडलला घासला. कोपर सोललं, चाक वाकडं. बाकी काय न्हाय. देवा!
नाव प्रगती. नववीला हाय.

५ डिसेंबर
चाक सरळ करून तिच्या घरी द्यायला गेलो. ओट्यावर तिचे आजोबा, जोतीरामआबा. "ठेव तितं. सायकल बंद आता. पोरगी घरीच." शाळा लांब, एसटी वेळेवर न्हाय — म्हणजे शाळाच बंद की! प्रगती दारात उभी. नजर सायकलीवर.
आमच्या स्वरूपाचं असंच झालं. गावाजवळनं मोठा रस्ता गेला आन् आमच्या वडलांनी, तात्यांनी, तिची सायकल माळ्यावर टाकली. तवापास्नं माझी बहीण घरीच.

६ डिसेंबर
मन लागंना. सोडावं हे, पुण्याला जाऊन रिक्षा चालवावी. दुसऱ्या ट्रॅक्टरवरचा बिरू म्हणतो, "तू दर पंधरवड्याला पळतोस. आधी ऊस तर उतरव!"

८ डिसेंबर
परत आबांकडं. म्हणलं, डेक बंद केलाय, हळू चालवतो, पाठवा तिला. आबा म्हणाले, "उंचावर बसून बोलू नगं. घे ही सायकल. शाळंपतुर जाऊन ये, मग सांग पाठवू का."
गेलो! लेडीज सायकल, गुडघं हँडलला लागतंय, पोरं हसतायत. मागनं ट्रॅक्टर आला. खाली उतरलो. इंजिन गेलं, ट्रॉली गेली, मी सायकल वर घेतली — आन् कानाशी दुसरी ट्रॉली! थोडक्यात वाचलो. दोन असतात हे मला म्हाईत न्हाय व्हय? रोज मीच वढतो! पण धुरळ्यात पहिली गेली की वाटतं, सुटलो. प्रगतीनं तेच केलं.

१० डिसेंबर
कारखान्यावर नंबरला थांबलो होतो तवा सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं. सायकलवाला दिसला की एका ट्रॉलीला एक हॉर्न, दोन असल्या तर दोन. बाहेर आलेला ऊस कोयत्यानं छाटायचा, मगच निघायचं. बिरू म्हणाला, "लगीन ठरलंय का तुझं? वाजंत्री लावतोस ती!" सगळी खी खी. ट्रॅक्टरचे मालक दादासो तेवढे म्हणाले, "हॉर्न फुकट हाय रं, वाजवा की."

१३ डिसेंबर
शाळेच्या फाटकात पोरांना समजावलं. चौथीनंतर शाळा सोडली, आन् आज मीच मास्तर! दोन हॉर्न आलं तर दुसरी ट्रॉली जाईस्तवर वर यायचं न्हाय. एक बारकं म्हणतंय, "काका, तीन वाजलं तर?"
"मग पळ!"

१७ डिसेंबर
बिरूनं दोन वाजवले! हसत हसत, पण वाजवले.

२० डिसेंबर
जोतीरामआबा काठी घेऊन वळणावर बसलेले. येणारा-जाणारा प्रत्येक ट्रॅक्टर बघत होते. मी दोन दिले. आबांनी काठी वर केली. एवढंच.

२३ डिसेंबर
वळणावर सायकल! प्रगतीच. दोन हॉर्न दिले. ती उतरली, थांबली. आरशात बघत होतो. पहिली गेली. दुसरी गेली. मग वर आली — आन् तिनं घंटी वाजवली. दोनदा!

२४ डिसेंबर
घरी फोन केला. "तात्या, स्वरूपाची सायकल खाली काढा." तात्यांनी फोन तसाच ठेवला, माळ्यावर खडखड ऐकू आली. मग मागनं तिचा आवाज आला —
"दादा, टायर बसल्यात. पंप कुठं ठेवलायस?"