गाजरगवत घरात

३ ऑगस्ट
पाऊस उघडला की गाजरगवत. इथल्या नगरा मोहल्ल्यात रुळांच्या कडेला कंबरेएवढं वाढलंय. कॉलेजच्या लॅबमधला रामसेवक म्हणतो, "साब, ढोर भी मुँह नईं लगाते, और आप इसकी दवा बना रहे!" हसलो. अर्कानं बशीतले जंतू मरतात, एवढं खरं. त्यातलं पार्थेनिन हे रसायन माणसाला सोसेल का, ते अजून...

९ ऑगस्ट
सौ.च्या पापण्या सुजल्या. मान लाल, खाजवून रक्त. डॉ. म्हणाले, गाजरघास, हवेतूनही बाधते, दूर रहिए. दूर म्हणजे कुठे? खंडेराव गेटपासून आमच्या अंगणापर्यंत तेच माजलंय. खिडक्या बंद केल्या. लॅबचे कपडे घरात आणत नाही.

२२ ऑगस्ट
मलमानं उतार. हुश्श. सौ. तेरा दिवस उंबऱ्याबाहेर नाही. कंटाळलीय, चिडते. चिडू दे.

२ सप्टें.
उद्या गौरीपूजन. इथं या दिवसांत शेवंती दुर्मिळ. बड्या बाजारातल्या माळ्याला आठवडाभर आधी सांगून टोपलीभर मागवली. सौ.नं मांडी ठोकून सगळ्या वेण्या गुंफल्या, एक स्वतः माळली. "तुम्हाला फुलं निवडता येतात की!" किती दिवसांनी हसली.

५ सप्टें.
डोळे उघडत नाहीत. चेहरा ओळखू येत नाही. डॉ.नी विचारलं, "घर में कोई फूल आया था?" शेवंती, गाजरगवत, एकच कुळ, जवळपास तेच रसायन. दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून देतो. शेण खाल्लं मी.

७ सप्टें.
सौ.ला सांगितलं नाही. तिला वाटतं, सोवळ्यात कसूर झाली, गौरी कोपली. "नैवेद्यात माझंच काही चुकलं हो." परत परत तेच. भ्याड आहे मी.

१० सप्टें.
अर्काचा आजवरचा सर्वांत चांगला निकाल. रामसेवकनं पेढे मागितले. त्याच्यावर उगाच खेकसलो.
घरी आलो. सूज तशीच. डॉ. म्हणतात, डाव्या डोळ्याचं आत्ता सांगता येत नाही. सौ.नं चाचपडत माझा हात धरला. नवस बोललीय. डोळे उघडले की देवळात गौरीला शेवंतीची जाळी, सगळी स्वतः गुंफणार.
"फुलं तुम्हीच आणायची. आणाल ना?"
हो म्हणालो.